दया, हिंसा आणि पशुवैद्याचे कर्म

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या एकांकातील सशाच्या रक्षणाची लीळा पंथातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा प्राणभयाने धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. आश्रयास आलेला जीव माघारी देता येत नाही, ही भूमिका स्वामींनी ढळू दिली नाही. इतकेच नव्हे, तर पारध्यांशी बोलून त्यांच्या मनातील हिंसेलाच हात घातला. या लीळेचे निरूपण करताना शरणागताचे रक्षण हा ईश्वराचा स्वभाव, जीवमात्राविषयीची कृपा आणि साधकाने त्यापासून घ्यावयाचा अहिंसेचा पाठ, एवढे सांगून बहुधा पुढे जाण्यात येते. परंतु लीळेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संकट टळल्यावर त्या सशाला आपल्या वाटेने जाता आले. त्याचे पाय शाबूत होते. ज्याचे पाय शाबूत नाहीत, ज्याचा कणा मोडला आहे, ज्याच्या मागे आता पारधीही उरला नाही आणि ज्याला सोडून द्यावे अशी वाटही उरली नाही, असा जीव आश्रयास येऊन पडला तर रक्षण ते कोणते?

हा प्रश्न केवळ तर्कासाठी मांडलेला नाही. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, जे पशुवैद्य रात्री-अपरात्री तातडीच्या उपचारांसाठी उभे असतात, त्यांच्यापुढे तो वारंवार येतो. अशा वैद्यांत एखादा पंथाचा उपदेशी असेल, तर त्याच्यापुढे तो दुहेरी रूपाने येतो. कारण आपल्या योगे मुंगीच्याही संसारास धक्का लागू नये, इतकी सूक्ष्म अहिंसा ज्या सूत्रांनी शिकविली त्यांचे श्रवण त्याने केलेले असते, आणि त्याच्या हाताशी मात्र प्राण वाचविणारी व प्राण घेणारी अशी दोन्ही औषधे एकाच कपाटात असतात.

या व्यवसायाचे स्वरूप ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. मुंबईस पशुवैद्यकाची परंपरा जुनी आहे. परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले, आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालयही त्याच आवारात आहे. पुष्कळ वर्षे उपनगरातील माणसाला आपले जनावर घेऊन परळच गाठावे लागे. रक्ताने माखलेला कुत्रा गाडीत घेण्यास टॅक्सीवाला राजी होईपर्यंतच अर्धा प्राण जाई. आज उपनगरांत चोवीस तास चालणारे खाजगी दवाखाने आहेत, आणि २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे मोठे रुग्णालयही सुरू झाले. तरीही पहाटे तीन वाजता दूरध्वनी वाजतो तो एका माणसाच्या उशाशी.

त्याच्याकडे काय येते? द्रुतगती महामार्गावर वाहनाखाली सापडलेला भटका कुत्रा. अकराव्या मजल्याच्या सज्जातून पडलेली मांजर. उंदरांसाठी ठेवलेले विष खाल्लेले पिल्लू. दिवाळीच्या आवाजाने बिथरून काचेवर आदळलेले जनावर. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास बोरिवली, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत पतंगांचा उत्सव असतो, आणि त्या दिवसांत मांज्याने पंख कापलेल्या घारी, कबुतरे, घुबडे यांची रीघ लागते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली. मांजा अजून मिळतो. ज्या मुलाने पतंग काटला तो आनंदाने ओरडतो, आणि कोणाचा पंख तुटला हे त्याला कळतही नाही. नकळत घडणारी हिंसा कशी असते, हे समजावून देण्यास यापेक्षा सोपा दाखला मिळणे कठीण.

गोरेगावच्या बाजूस १९४९ साली वसविलेली आरे दुग्धवसाहत आहे, जोगेश्वरी-अंधेरीकडे जुने तबेले होते व काही आहेत. तेथे गाभण म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडतो. मग रात्रीच्या रात्री चार माणसांनी म्हशीला जमिनीवर आडवी पाडून, पोटावर फळी ठेवून, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे लोळवावयाचे आणि तो पीळ सोडवावयाचा. पीळ सुटतो, म्हैस वाचते, रेडकू जिवंत बाहेर येते. ते नर असले तर त्याचे पुढे काय होते, हे तबेल्यातील सर्वांना ठाऊक असते. त्याला दूध पाजणे परवडत नाही. निवृत्तमांस समाजाने दुधाचा पेला हाती घेताना या रेडकाचा विचार क्वचितच केलेला आढळतो, आणि हिंसेच्या चर्चेत खाटकाचे नाव जितक्या तत्परतेने निघते तितक्या तत्परतेने स्वतःच्या पेल्याचे निघत नाही.

बोरिवलीस संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या अरण्याला चहूबाजूंनी वस्ती लागलेली असल्याने बिबट्या कधी कधी थेट घरांत येतो. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत तो एका बालवाडीत शिरला, आणि पुढच्याच महिन्यात मुलुंड पूर्वेच्या नानेपाड्यात शिरून त्याने काही माणसांना जखमी केले. दोन्ही वेळी उद्यानाच्या पथकाने त्याला गुंगीचे औषध देऊन जिवंत नेले. बाहेर हजारोंचा जमाव ओरडत असता, जनावराचे वजन नजरेने अदमासून औषधाची मात्रा ठरवावयाची असते. मात्रा थोडी झाली तर ते चवताळून जमावात शिरेल, अधिक झाली तर त्याचा श्वास थांबेल. त्या क्षणी पशू आणि माणसे या दोहोंचे प्राण एकाच वैद्याच्या अंदाजावर टांगलेले असतात.

येथे पहिली शंका घेण्यात येते ती अशी. प्रत्येक जीव आपल्या कर्माचे फळ भोगीत आहे. पशुयोनीतील दुःख हाही भोगच. मग वैद्याने मध्ये पडून तो भोग मोडावा काय? शिवाय वाचविलेला बिबट्या उद्या हरणे व कुत्रीच मारणार. तर वाचविणाऱ्यास त्या हिंसेचा वाटा नाही काय?

या शंकेचे समाधान त्या लीळेतच आहे. सशाच्या मागे पारधी लागला हाही सशाच्या कर्माचा भोग म्हणता आला असता. स्वामींनी तसे म्हटले नाही. भोग किती उरला आहे हे जाणण्याची शक्ती जीवास नाही, आणि जे आपणास कळत नाही त्याचा आधार घेऊन समोरच्या दुःखाकडे पाठ फिरविणे ही ज्ञानाची नव्हे, आळसाची खूण आहे. वैद्याचा हात लागणे हेही त्या जीवाच्या कर्मातलेच असू शकेल, हे शंका घेणारा विसरतो. बिबट्याची पुढची शिकार ही त्याच्या योनीची प्रवृत्ती होय; तिचा कर्ता वैद्य नव्हे. औषधाचा परिणाम कोठवर जाईल याचा विचार वैद्याने करू नये असा मात्र याचा अर्थ नाही. गुरांच्या वेदना शमाव्यात म्हणून सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. हे कारण २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली भारतात पशूंसाठीच्या त्या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. तोपर्यंत देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली होती. दयेनेच टोचलेल्या सुईचा हा परिणाम. कळल्यावर ते औषध टाकणे हे धर्माचे. कळण्याआधी कोणालाच काही टोचू नये, हा मात्र वेडेपणा.

याहून कठीण प्रश्न दुसरा आहे. मोडलेल्या कण्याच्या, फाटलेल्या फुप्फुसाच्या, वाचण्याची शक्यता नसलेल्या जीवाला औषधाने शांतपणे मरण द्यावे काय? त्यास दयामरण म्हणतात.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात हाच प्रसंग घडला. एक वासरू असाध्य व्याधीने तळमळत होते, कूस पालटविली तरी त्याला वेदना होत. महात्मा गांधींनी आश्रमीयांशी विचार केला. जो प्राण आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे एकाने निक्षून सांगितले. तरीही गांधींनी डॉक्टर बोलावून, स्वतःच्या समक्ष, विषाची सुई देवविली आणि ही गोष्ट आपल्या पत्रांत स्वतःच प्रसिद्ध केली. त्यावर संतप्त पत्रांचा पाऊस पडला. जैन समाज विशेष दुखावला. गांधींचे म्हणणे असे की, शस्त्रवैद्य रोग्याच्या हितासाठी शस्त्र चालवितो त्यास हिंसा म्हणत नाहीत. तद्वत् हेतूत स्वार्थ वा क्रोध नसेल तर असे मारणे हिंसा ठरत नाही.

हा पक्ष प्रामाणिक आहे, आणि ज्याने त्याचा राग केला त्यापैकी किती जण त्या वासराजवळ रात्रभर बसले होते हे विचारणे गैर होणार नाही. तथापि ब्रह्मविद्येच्या दृष्टीने तो टिकत नाही. शस्त्रवैद्याने पाय कापला तर पाय नसलेला तोच रोगी पुढे जगतो आणि शस्त्रक्रियेचे फळ भोगतो. येथे फळ भोगण्यास त्या देहात कोणी उरतच नाही. जीव नित्य आहे. तो कोठे गेला, कोणत्या योनीत कोणते दुःख घेऊन उभा राहिला, हे सुई देणाऱ्यास दिसत नाही. त्याने दुःखाचा शेवट केला असे म्हटले जाते. प्रत्यक्षात शेवट झाला तो देहाचा, आणि त्या दुःखाचे जे आपणास पाहवत नव्हते त्या दिसण्याचा. म्हणून दयामरणात दया असू शकते, पुष्कळदा असतेही, पण त्या कर्माचे नाव हिंसाच राहते. हेतूने दोष हलका होतो. नाव पालटल्याने नाहीसा होत नाही.

मग वैद्याने असे कर्म कधीच करू नये काय? येथे घाईने निर्णय देणाऱ्यांनी थोडे थांबावे. देशाच्या कायद्याने यासंबंधी केलेला भेद विचार करण्यासारखा आहे. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६०चा कायदा आहे, आणि भटक्या कुत्र्यांसंबंधी २००१ साली नियम झाले. त्या नियमांत असाध्य रोगाने ग्रासलेल्या वा प्राणघातक जखमी कुत्र्यास पात्र वैद्याकरवी वेदनारहित मरण देण्याची मुभा ठेवली गेली. मात्र पिसाळलेल्या कुत्र्यास वेगळे ठेवून त्यास आपोआप मरण येऊ द्यावे असे सांगितले गेले. माणसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ व २०१८ साली उपचार थांबविण्यापुरती परवानगी दिली, सुई देण्याची दिली नाही. म्हणजे व्यवहारातही या कर्माची भीती आहेच, आणि ती असावी.

महामार्गावर चिरडलेला, तासाभरात मरणारच असा कुत्रा वेदनेने आक्रंदत असता वैद्य ती सुई देतो, तेव्हा त्याला निर्दय म्हणणारा माणूस त्या रस्त्यावरून डोळे झाकून गेलेला असण्याचाच संभव अधिक. वेदना शमविणारे औषध भरपूर देऊन मरण यावे तेव्हा येऊ द्यावे, हा मार्ग जेथे मोकळा आहे तेथे उपदेशी वैद्याने तोच धरावा. तो मोकळा नसेल आणि सुई द्यावी लागली, तर ती पुण्य म्हणून नव्हे, दोष म्हणून, अनुतापपूर्वक द्यावी. आणि घर बदलले, नवे बाळ आले, सोसायटीने तक्रार केली, जनावर म्हातारे झाले, एवढ्यासाठी कोणी मरण मागण्यास आला तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. अशी मागणी करणारे असतात. ते बहुधा सुशिक्षित असतात आणि त्यांच्या तोंडी दया हाच शब्द असतो.

योगशास्त्राने हिंसेचे केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन भेद सांगितले आहेत. दवाखान्यात एका कागदावर मालकाची सही घेतात. त्या सहीने कायद्याची जबाबदारी उरकते. धर्माची जबाबदारी त्या कागदावर मावत नाही. सही करणारा हा करविता होय. परंतु प्रत्यक्षात तो सही करतो, डोळे पुसतो आणि खोलीबाहेर निघून जातो. पाहवत नाही म्हणतो. खोलीत उरतात वैद्य, त्याचा साहाय्यक आणि ते जनावर, जे ओळखीचा आवाज शोधीत दाराकडे पाहत असते. प्रथम गुंगीचे औषध, मग दुसरे. करविणाऱ्याने आपल्या वाट्याचे पाहणे टाळले म्हणजे तो वाटा नाहीसा होत नाही, तो वैद्याच्या वाट्यात जमा होतो. साबरमतीस गांधी त्या खोलीबाहेर गेले नव्हते, एवढी गोष्ट त्यांच्या पक्षाशी मतभेद असणाऱ्यानेही त्यांच्या पदरी घातली पाहिजे. उपदेशी गृहस्थावर असा प्रसंग आलाच तर त्याने तेथून हलू नये. जनावराच्या मस्तकावर हात ठेवावा, मुखाने परमेश्वराचे नाम घ्यावे.

वैद्य असे दिवसातून एकदा, कधी दोनदा करतो आणि घरी येतो. दाराशी कपडे उतरवून स्नान केल्यावाचून तो स्वयंपाकघरात शिरत नाही, कारण कातड्याचा नि औषधांचा वास जात नाही. मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन होऊन गेलेले असते. पत्नीने ताट झाकून ठेवलेले असते. हातावर दाताच्या खुणा आहेत काय, हे ती आधी पाहते. नातलगांत कोणीतरी हटकून विचारतो की, माणसांचा डॉक्टर होता आले नाही काय. जेवताना फोन वाजला की घरातील सर्वांचे हात थांबतात. परक्याच्या कुत्र्याशी ज्या आवाजात तो बोलतो, त्या आवाजात आपल्या मुलाशी बोलण्याइतके बळ रात्री अकरा वाजता त्याच्यात उरत नाही. मूल ते ओळखते, बोलत नाही. बाहेर दया वाटून घरी उरलेला कोरडेपणा नेणे हीही एक हिंसाच आहे, आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

या व्यवसायाचा भार किती जड आहे हे अमेरिकेतील एका तपासणीवरून कळते. तेथील १९७९ ते २०१५ या काळातील पशुवैद्यांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. आत्महत्येने मरण्याचा संभव इतर लोकांच्या मानाने पुरुष पशुवैद्यांत दुपटीहून किंचित अधिक आणि स्त्री पशुवैद्यांत साडेतीनपट आढळला. अतिश्रम, कर्ज, एकटेपणा, घातक औषधे सहज हाताशी असणे, अशी अनेक कारणे सांगतात. त्यांत आणखी एकाची भर घालता येईल. सर्व जग ज्याला दया म्हणते ते करून आलेला मनुष्य आतून दोषी असल्यासारखा तळमळतो, आणि ती तळमळ बोलून दाखवावी तर लोक त्यास म्हणतात, तुम्ही तर पुण्यच केले. दोषाला पुण्य म्हटले की अनुतापाची वाट बंद होते.

येथे दुसरी एक शंका घेतली जाते. वैद्य सायंकाळी स्मरणास बसला आहे आणि फोन आला, तर त्याने उठावे काय? सर्वारंभ सोडून अटन करणाऱ्या साधकाचा विचार वेगळा. त्याने हा व्यवसाय पत्करलेलाच नाही. गृहस्थाने तो पत्करला आहे, आणि पत्करलेल्या कामाशी कोणाच्या तरी प्राणांची गाठ पडलेली आहे. आसनावरून उठणे म्हणजे स्मरण सोडणे नव्हे; रिक्षात बसून मुलुंडहून घाटकोपरला जाईपर्यंत नाम घेता येते. मात्र फोन नसतानाही फोनचे निमित्त करून जो स्मरण चुकवितो, त्याचे उत्तर त्याचे त्यालाच ठाऊक असते.

असा वैद्य कधी काळी एखाद्या महंतांच्या दर्शनास येतो आणि संकोचत विचारतो की, हे पाप की पुण्य. त्यास दोन उत्तरे मिळण्याचा संभव असतो. एक, कर्तव्य म्हणून करावे, दोष लागत नाही; दुसरे, असला व्यवसाय सोडून द्यावा. पहिल्याने त्याचे समाधान होत नाही, कारण दोष आहे हे तो जाणतो. दुसरे ऐकून तो सोडील, तर त्या मेजापाशी जो कोणी येईल त्याला सुई उचलताना थांबावेसे वाटेलच याची शाश्वती नाही. पंथात दोषाचा अनुताप, त्याचे अधिकारी पुरुषाजवळ निवेदन आणि प्रायश्चित्त असा क्रम सांगितलेला आहे, आणि तो अशाच माणसासाठी आहे. त्याने किती जीव वाचविले हे न विचारता, ज्याचा हात धरून त्याने मरण दिले त्या एकेका जीवाविषयी त्याला बोलू द्यावे. त्यास वेळ लागतो. ऋद्धिपूर, डोमेग्राम वा फलटण येथे असा मनुष्य दोन दिवस येऊन राहू शकेल, तर ते शक्य होईल. परंतु उपनगरातल्या वैद्याला दोन रात्रीही फोन बंद ठेवता येत नाही. शेजारच्या उपनगरातील एखाद्या वैद्याने त्या दोन रात्री आपल्या अंगावर घेतल्या, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांनाही त्याच्यासह जाता येईल.